न संपणारी बाटली

१

शरच्चंद्र कारखानीस सर आयुष्यात एकदाही खोटं बोललेले नाहीत, हे बडोद्यात सर्वमान्य आहे. निवृत्त होऊन अठरा वर्षं झाली, तरी मांडवीतले पन्नाशीचे दुकानदार त्यांना पाहून गादीवरून उठतात आणि मनातल्या मनात एकोणतीसचा पाढा म्हणू लागतात. अशा माणसाचा शब्द शेवटचा मानायचा असतो. बुधवारी सकाळी साडेसहा वाजता एका ग्लुकोमीटरनं तो मानला नाही.

आकडा आला तीनशे अठरा. उपाशीपोटी.

"मशीन बिघडलं असेल," सरांची नात कौमुदी म्हणाली.

तिच्या आईनं, निरुपमानं, लगेच स्वतःचं बोट टोचून घेतलं. ब्याण्णव. मशीन निर्दोष सुटलं.

"अण्णा, काल काय खाल्लंत?" आईनं सासऱ्यांना विचारलं.

"दीड भाकरी आणि दुधीची भाजी. तुमच्यासमोर."

"आणि आमच्या पाठीमागे?"

हरणीच्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये सरांना असा प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता. त्यांनी फक्त उजवा पाय जरा मागे घेतला. नव्या चपलेनं करंगळीला झालेली जखम तीन आठवडे झाले तरी भरत नव्हती. डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं, सोमवारपर्यंत सुकायला लागली तर ठीक, नाही तर करंगळी काढावी लागेल.

"शुगर आपली आपण वाढत नाही," आई म्हणाली. "कोणीतरी यांना गोड चारतंय. कौमू, घरात मेडिकल लाइनची तू एकटी आहेस. शोधून काढ."

कौमुदी नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला होती. मेडिकल लाइनचं म्हणाल तर तिच्याजवळ एक पांढरा युनिफॉर्म, एक पट्टा आणि पिन लावलेलं घड्याळ होतं. शिवाय गेले दोन महिने सरांची इन्सुलिनची इंजेक्शनं तीच देत होती, कारण सरांचा हात थरथरायला लागला होता. सकाळी वीस युनिट, संध्याकाळी दहा. आई तर शेजारच्या बेनना अभिमानानं सांगायची, "हात इतका हलका की अण्णांना कळतसुद्धा नाही. आणि बरकत बघा, पूर्वी बाटली दोन आठवडे पुरायची नाही, हिच्या हातात संपतच नाही." त्यावर बेन म्हणायच्या, "अरे वाह, लक्ष्मी छे!"

तपास पद्धतशीर व्हायला हवा, म्हणून या लक्ष्मीनं कोरी वही काढून संशयितांची नावं लिहिली. पहिलं नाव तिनं प्रामाणिकपणे स्वतःचं लिहिलं. मग शुगरची डायरी उघडली. तिनं इंजेक्शनं द्यायला लागल्यावरचे पहिले पाच आठवडे आकडे एकशे तीस-चाळीसच्या आसपास होते. चढ सुरू झाला तो या महिन्याच्या पाच तारखेपासून. म्हणजे दोष तिच्या हाताचा असता तर पहिल्या दिवसापासून दिसला असता.

तिनं स्वतःचं नाव खोडलं. पहिल्या पाच मिनिटांत एक संशयित कमी झाला, याचं तिला बरं वाटलं.

२

दुसरं नाव मथुराबाईंचं होतं. बारा वर्षं त्या या घरात स्वयंपाक करत होत्या. आई शाळेत, बाबा दहेजच्या प्लँटवर, कौमुदी कॉलेजात. दुपारभर घरात सर आणि त्या दोघंच.

"मथुराबाई, आमटीत गूळ घालता?"

"म्हणजे काय! बडोद्यात बिनगुळाची आमटी कुणाच्या घशाखाली उतरते? चिमूटभर घालते. बारा वर्षं घालते."

"आणि दुसरं काही गोड?"

मथुराबाई ओटा पुसत होत्या. पुसलेला ओटा त्यांनी परत पुसला.

"मी सरांना नवीन काही दिलेलं नाही, ताई."

ज्या बाईनं तिची वेणी घालून दिली होती, ती तिला पहिल्यांदाच ताई म्हणाली. कौमुदीनं वहीत 'गूळ' लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या. दुसरीकडे कुठे बघावं तिला सुचेना.

तिसरे मानसिंगराव. सरांचे फिरायला जायचे जोडीदार. त्यांचे पणजोबा दरबारात होते आणि ते स्वतः विमा कंपनीत. सोसायटीच्या बाकावर त्यांची जबानी झाली.

"मी शरूला पेढे चारीन? अगं पोरी, मलाच मिळत नाहीत! सूनबाई डबा कपाटात ठेवतात आणि किल्ली घेऊन देवळात जातात. आम्ही दोघं फार तर बटाट्याचा लीलो चिवडा खातो. त्यात साखर असते, पण ती बडोद्याची साखर. ती कोणी मोजत नाही."

उरले स्वतः सर. ते खिडकीशी आरामखुर्चीत बसले होते. शेजारी खिडकीत लोणच्याची एक रिकामी काचेची बरणी होती. प्रत्येक इंजेक्शननंतर सिरिंजचं छोटं प्लास्टिकचं टोपण ते त्या बरणीत टाकत. डोस झाला की नाही याची पुढे शंका आली, तर टोपणं मोजता यावीत म्हणून. स्मरणशक्तीवर त्यांचा विश्वास नव्हता, मोजण्यावर होता.

"आजोबा, मला खरं सांगा."

"तेवढंच सांगता येतं मला."

"या महिन्यात तुम्ही गोड खाल्लंत?"

सरांनी चष्मा काढून पुसला. "या महिन्यात मी पूर्वीपेक्षा एक कणही जास्त खाल्लेला नाही. लिहून घे. आणि कौमू, उत्तर बदललं असेल तर आधी बदललंय काय ते शोधावं. जे जसंच्या तसं आहे त्याच्या मागे लागून वेळ जातो."

कौमुदीनं पहिलं वाक्य लिहून घेतलं आणि दुसऱ्याकडे दुर्लक्ष केलं. मग आईच्या हुकमावरून तिनं आजोबांच्या खोलीची झडती घेतली. उशीखाली हात घातला, कोटाचे खिसे उलटे केले. सर खिडकीबाहेर बघत राहिले. ज्यांनी परीक्षेत मुलांच्या बाकांखालून हजारो चिठ्ठ्या काढल्या, त्यांच्या बाकाखाली आता नात बघत होती. कौमुदीचे कान तापले होते, आणि त्याला दुसरंही कारण होतं. झडती खरं तर तिच्या कपाटाची घ्यायला हवी होती. तिथं हिवाळी स्वेटरच्या घडीत दोन उत्तरपत्रिका होत्या. विषय: औषधाच्या मात्रेचं गणित. निकाल: नापास, नापास. अख्ख्या बडोद्याला गणित शिकवलेल्या माणसाच्या नातीला भागाकार येत नाही, हे घरात कुणाला ठाऊक नव्हतं. "गणित कसं चाललंय?" असं आजोबांनी विचारलं की ती "ठीक" म्हणायची.

पुरावा सापडला तो लॉगॅरिदमच्या जुन्या पुस्तकात. पुठ्ठ्यावर, बरोबर मध्यभागी, तुपाचा गोल डाग होता. वास घेतला तर वेलची.

तिनं तो आईला दाखवला. आईनं मथुराबाईंना बोलावलं, पुस्तक पुढे धरलं. मथुराबाईंनी डागाकडे पाहिलं, सरांच्या पायाकडे पाहिलं आणि पदर तोंडाला लावला.

"उद्यापासून येऊ नका," आई म्हणाली.

त्यांनी पिशवी उचलली आणि त्या गेल्या. आमटी गॅसवर तशीच उकळत होती. प्रकरण मिटलं असं सगळ्यांनी धरलं.

गुरुवारी सकाळी शुगर तीनशे सव्वीस होती.

३

कॉलेजात त्या दिवशी दुर्गा मॅडमचा तास होता. मॅडम बुटक्या होत्या, आवाज खालचा होता, आणि वर्गात त्यांना घाबरत नाही अशी एकच वस्तू होती, ती म्हणजे प्लास्टिकचा पेशंट.

"औषधाच्या गणितात पस्तीस मार्कांना पास नसतं," त्या म्हणाल्या. "दहापैकी दहा. नऊ बरोबर आले म्हणजे दहावा पेशंट गेला. ज्यांची तिसरी वेळ आहे, त्यांनी जरा पुढे येऊन बसा. लाजू नका, लाजायला पुढे आयुष्य पडलंय."

पुढे येऊन बसलेली मंडळी एकूण एकच होती.

मॅडमनी फळ्यावर सूत्र लिहिलं. हवं किती, भागिले आहे किती, गुणिले माप. मग एक सोपं उदाहरण घातलं. इन्सुलिनची बाटली दहा मिलिलिटरची. प्रत्येक मिलिलिटरमध्ये चाळीस युनिट. पेशंटला रोज तीस युनिट लागतात. बाटली किती दिवस पुरेल?

कौमुदीनं जीभ दातांत धरून गणित केलं. दहा गुणिले चाळीस, चारशे. चारशे भागिले तीस. तेरा आणि वर थोडं. दशांश चिन्ह यायच्या आधीच तिनं हात वर केला.

"तेरा दिवस, मॅडम."

"बरोबर," मॅडम म्हणाल्या, आणि त्यांनाही थोडं आश्चर्य वाटलेलं दिसलं. "चौदाव्या दिवशी नवीन बाटली. ती नाही आणली, तर कुठेतरी घोळ आहे समजायचं."

कौमुदीला आयुष्यात पहिल्यांदा वर्गात बरोबर उत्तर देण्याचा आनंद झाला. तो साधारण चार सेकंद टिकला. मग तिला घरच्या फ्रिजच्या दारातली बाटली आठवली. त्या बाटलीवर उघडल्याची तारीख तिनं स्वतःच्या हातानं लिहिली होती. कॉलेजात शिकवलं होतं तशी.

तारीख पाच होती. आज सत्तावीस.

४

दुपारी ती धावतच घरी आली. युनिफॉर्म न बदलता तिनं फ्रिज उघडला आणि बाटली उजेडात धरली. बावीस दिवस झाले होते, आणि बाटलीत चांगलं एक तृतीयांश इन्सुलिन शिल्लक होतं.

तेरा दिवसांत संपायची वस्तू बावीस दिवसांत संपलेली नाही. म्हणजे कोणीतरी बाटलीत पाणी भरत होतं!

हा विचार तिला फार आवडला. त्यात कट होता आणि खलनायक होता. पण बाटलीला रबरी बूच होतं. ते उघडत नाही, त्यातून आत काही घालायचं तर सुई लागते. मग तिनं घरात सुई कुणाकुणाला हाताळता येते याची यादी केली. यादीत एकच नाव आलं, आणि ते वहीच्या पहिल्या पानावर आधीच खोडलेलं होतं.

"आजोबा," ती खिडकीपाशी जाऊन म्हणाली, "बदललंय काय?"

"आता विचारलंस," सर म्हणाले. "कालच विचारायला हवं होतंस. मलाही माहीत नाही. बस, बघू."

ती खाली जमिनीवर बसली. तिची नजर बरणीवर गेली. गेले कित्येक महिने ती बरणी तिथं होती आणि घरातले सगळेजण रोज तिच्याकडे बघत होते, पण काचेतून आरपार, बाहेरच्या लिंबाकडे. बरणीत तळापासून अर्ध्याच्या वरपर्यंत लाल टोपणं होती. त्यावर एक थर नारिंगी टोपणांचा होता. वरची टोपणं तेवढी नारिंगी, खालचं एकही नाही.

"ही नारिंगी कधीपासून?" तिनं विचारलं.

सरांनी बरणी मांडीवर घेतली, नारिंगी टोपणं धोतरावर ओतली आणि मोजली. शेहेचाळीस. रोज दोन. आजची सकाळची एक. मधले बावीस दिवस आणि सुरुवातीची एक संध्याकाळ.

"चार तारखेच्या संध्याकाळपासून," सर म्हणाले. "शुगर चढायला लागली कधी?"

"पाच."

चार तारीख कौमुदीला स्वच्छ आठवली. कॉलेजातून येताना ती फतेगंजच्या एका केमिस्टकडे थांबली होती, कारण घरातल्या सिरिंज संपल्या होत्या. केमिस्टनं तिचा युनिफॉर्म पाहून अदबीनं विचारलं होतं, "सिस्टर, चालीसवाळी आपुं के सोवाळी?" तिला चाळीस कशाचे आणि शंभर कशाचे ते माहीत नव्हतं. दुकानात चार गिऱ्हाइकं होती, सगळी तिच्याकडे बघत होती. त्यात सिस्टर म्हटल्यावर विचारायचं कसं? मोठा आकडा चांगला असणार, म्हणून तिनं मान ताठ करून सांगितलं होतं, "सोवाळी."

तिनं डब्यातून नारिंगी टोपणाची सिरिंज काढली. नळीवर बारीक अक्षरांत लिहिलं होतं: एक मिलिलिटर, शंभर युनिट. बाटलीवर लिहिलं होतं: एक मिलिलिटर, चाळीस युनिट. दोन्ही वस्तू तिनं दिवसातून दोनदा, डोळ्यांपुढे धरून, तेवीस दिवस हाताळल्या होत्या.

वहीच्या शेवटच्या पानावर तिनं गणित मांडलं. नारिंगी सिरिंजच्या वीसच्या रेघेपर्यंत भरलं म्हणजे एक मिलिलिटरचा पाचवा हिस्सा. चाळीसचा पाचवा हिस्सा आठ.

वीसच्या जागी आठ. दहाच्या जागी चार.

गणित बरोबर होतं. तिनं तीनदा तपासलं, कारण ते चुकावं अशी तिची फार इच्छा होती.

५

संध्याकाळच्या इंजेक्शनच्या आधी तिनं डॉक्टरांना फोन केला. सांगताना वाक्य दोनदा अडकलं.

"किती दिवस?"

"तेवीस."

"सिरिंज बदल. लाल टोपणाची, चाळीसची. डोस पूर्वीचाच. दिवसातून चारदा शुगर बघ, खाली जायला लागली तर लगेच मला फोन. करंगळी सोमवारी बघू." मग ते म्हणाले, "चूक कुणी पकडली?"

"मीच."

"बरं," डॉक्टर म्हणाले आणि फोन ठेवला. त्या 'बरं'चा अर्थ लावत तिनं पुढचे दोन दिवस घालवले.

सहा वाजता लाल टोपणांच्या सिरिंज आल्या आणि वीस मिनिटांनी डायनिंग टेबलाभोवती सभा भरली. आई होती, सर होते, आणि काहीतरी घडतंय असा वास लागून मानसिंगरावही आले होते. ज्या एका बाईनं तिथं असायला हवं होतं, ती मांडवीत आपल्या घरी होती.

कौमुदीनं टेबलावर बाटली ठेवली, एक लाल आणि एक नारिंगी सिरिंज ठेवली, आणि उभ्याउभ्या सगळं सांगितलं. तिनं दोन्ही सिरिंजमध्ये वीसच्या रेघेपर्यंत पाणी भरलं आणि वेगवेगळ्या चमच्यांत सोडलं. एका चमच्यात पाणी दिसत होतं. दुसऱ्यात शोधावं लागत होतं.

आई खाली बसली. "म्हणजे ती बरकत..."

"हो," कौमुदी म्हणाली.

"पण हेतू काय?" मानसिंगरावांना राहवेना. "गुन्हा म्हटला की हेतू लागतो ना!"

कौमुदी आत गेली आणि स्वेटरच्या घडीतल्या दोन उत्तरपत्रिका आणून बाटलीशेजारी ठेवल्या. "हा. मला येत नाही, हे मला कुणालाच सांगता आलं नाही. तुम्हाला नाही, मॅडमना नाही, त्या केमिस्टला नाही."

सरांनी उत्तरपत्रिका ओढून घेतल्या. चाळीस वर्षांच्या सवयीनं खिशातून लाल पेन निघालं. ते शेवटपर्यंत वाचत गेले.

"रीत बरोबर आहे," अखेर ते म्हणाले. "दशांश चिन्ह भटकतंय. त्याला घर दाखवायचंय, एवढंच. रोज पाच वाजता माझ्याकडे बसायचं."

"मी चारला सुटते कॉलेजातून."

"पाच," सर म्हणाले. "चारला मला काम असतं."

ते रागावले असते तर कौमुदीला सोपं गेलं असतं. त्यांनी बाही वर केली आणि हात पुढे केला, नेहमीसारखा, तिच्याकडेच. तिनं रेघ दोनदा वाचून इंजेक्शन दिलं. टोपण सरांनी बरणीत टाकलं. नारिंगी थरावर ते एकटंच लाल दिसत होतं.

६

दुर्गा मॅडमना तिनं दुसऱ्या दिवशी सकाळी सांगितलं. मॅडमनी शांतपणे ऐकून घेतलं आणि शनिवारच्या परीक्षेत अकरावं उदाहरण घातलं: 'एका विद्यार्थिनीने चाळीसच्या बाटलीसाठी शंभरची सिरिंज वापरली, तर पेशंटला किती युनिट मिळाले?' नाव घातलं नव्हतं. अख्खा वर्ग वळून तिच्याकडे बघत होता.

शुक्रवारी संध्याकाळी, पाचच्या शिकवणीतून सुटून, ती आईबरोबर मांडवीत गेली. मथुराबाई गल्लीत, घराच्या पायरीवर बसल्या होत्या. पुढ्यात मेथीची जुडी होती, पण निवडलेली दिसत नव्हती. डोळे सुजलेले होते.

आईनं हात जोडले. कौमुदी पायरीवर त्यांच्याशेजारी बसली आणि सगळं परत एकदा सांगितलं. सिरिंज, रेघा, केमिस्ट, वीस आणि आठ. या दोन दिवसांत ती हे चौथ्यांदा सांगत होती, तरी सवय होत नव्हती.

"माझ्यामुळं झालं, मथुराबाई. तुमचा काहीच दोष नव्हता. मी उगाच तुमच्यावर आळ घेतला."

मथुराबाईंनी मान वर केली.

"म्हणजे सरांचं बोट पेढ्यामुळं नाही जाणार?"

"कुठला पेढा?" आईनं विचारलं.

मथुराबाईंनी मेथीची जुडी उचलली आणि भराभर निवडायला घेतली.

"दोन दिवस घास गेला नाही गं घशाखाली," त्या कौमुदीला म्हणाल्या. "म्हटलं, या हातांनी सरांचं बोट घालवलं. अर्धाच देते मी. या कोपऱ्यावरूनच नेते. त्या आकड्यांच्या पुस्तकावर ठेवून खातात, बशी धुवायला पडली तर वहिनींना कळेल म्हणून. आणि अर्धा म्हणजे अर्धाच, हं. सर स्वतः सुरीनं मधोमध कापतात."

"कधीपासून?" आईचा आवाज फार बारीक झाला होता.

"रोज चार वाजता. चार वर्षं होतील दिवाळीला."

सोमवारी डॉक्टरांना करंगळीची जखम कडेनं सुकलेली दिसली, आणि त्यांनी करंगळी ठेवली. मथुराबाई मंगळवारपासून परत आल्या. पुढच्या रविवारी सकाळी सरांची शुगर एकशे छत्तीस होती. अर्ध्या पेढ्यासकट.